धनुष्य घेण्याआधी घराणं ठरवा

चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून मी एक आखूड, दोन्ही टोकं पुढं वळलेलं धनुष्य ऑनलाइन मागवलं. उद्यमबागेतून पार्सल घेऊन घरी आलो तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "इलेक्शनला उभारलास काय रे?" बेळगावात कुणाच्या हातात धनुष्यबाण दिसला की पहिला प्रश्न हाच येतो. सवय करून घ्या. दुसरा प्रश्न माझा मलाच पडला: बाण धनुष्याच्या कुठल्या बाजूला ठेवायचा? त्याचं उत्तर हाती यायला आठ महिने गेले.

कारण मी चार घरांतून चार वस्तू आणून संसार मांडला होता. धनुष्य तुर्की वळणाचं, ओढायची रीत इंग्रजी व्हिडिओत बघितलेली, अंगठी कोरियन फोटोवरून केलेली आणि बाण शाळेच्या स्पर्धेतून उरलेले. एकेक वस्तू चांगलीच होती. एकत्र आल्या की बाण मुठीवरून घसरून पायापाशी पडायचा, अंगठा सुजायचा आणि पिसाच्या टोकानं डाव्या हाताला रोज एक ओरखडा.

आपल्या भागात हे गाण्यावरून चटकन कळतं. पलीकडं धारवाड-हुबळी, अलीकडं सुळेभावी, जिथं १९२४ साली कुमार गंधर्व जन्मले. किराण्याचा आलाप आणि जयपूरची तान पहिल्याच वर्षी एकत्र करायला कुठला गुरू देत नाही. कुमारजींनी चौकटी मोडल्या खऱ्या, पण आधी देवधर मास्तरांकडं वर्षानुवर्षं शिकून. धनुष्य, दोरी, बोटं, बाणाची बाजू ही सगळी एका घराण्याची माणसं असतात. एकाला आणलं की बाकीच्यांनाही आणावं लागतं.

खालच्या क्रमानंच चला. मी उलटं केलं होतं. खरेदी आधी, चौकशी नंतर.

१. शब्द जुळवून घ्या

दुकानदार इंग्रजी बोलतो, कोच हिंदी, शेजारी कन्नड आणि आजी पोथीतली मराठी. त्यामुळं एकाच वस्तूला पाच नावं ऐकू येतात. क्लबात पहिल्या दिवशी कोच म्हणाले, "लिंब सांभाळ." मला वाटलं नजर उतरवायला लिंबू बांधतात. लिंब म्हणजे मुठीच्या वर आणि खाली वाकणारा धनुष्याचा भाग. मी त्याला पात म्हणतो: वरची पात, खालची पात.

धनुष्याची निशाणाकडची बाजू ती पाठ, तुमच्याकडची ते पोट. हे दोन शब्द पक्के करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. जगातल्या सगळ्या धनुष्यकारांची डोकेफोड एवढीच: ताण सोसणारं काहीतरी पाठीला लावायचं, दाब सोसणारं पोटाला.

दोरीला संस्कृतात ज्या, मौर्वी आणि जीवा. जीवा तुम्ही शाळेतच शिकलात. वर्तुळाची जीवा ती हीच, दोन टोकांना बांधलेली दोरी. मौर्वी हे नाव मूर्वा या तंतूच्या झाडावरून आलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दोरीच्या सामानाची यादी आहे, तिच्यात मूर्वा, शण, बांबू, स्नायू आणि अर्क, म्हणजे आपली रुई. रस्त्याकडेला उभी असलेली, मारुतीला वाहतो तीच. तिथंच धनुष्याचेही चार प्रकार सांगितलेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. फारसीत दोरीला चिल्ला, कन्नडमध्ये हेदे. आजची दोरी मात्र बहुतेक ठिकाणी डॅक्रॉन या कृत्रिम धाग्याची.

बाण, शर, तीर हे एकच. शर हे मुळात एका बोरूसारख्या गवताचं नाव. बाणाच्या शेपटाला दोरी बसायची खाच असते, तिला सगळे नॉक म्हणतात, फारसीत सूफार. टोकाला फाळ, फारसीत पैकान. भात्याला तरकश, कन्नडमध्ये बत्तळिके. धनुष्य म्हणजे बिल्लु, निशाण म्हणजे गुरी. एवढे चार कन्नड शब्द पाठ करा, पुढं सहाव्या पायरीवर कामाला येतील.

कमान हा फारसी शब्द आपण दरवाज्याला आणि घड्याळाच्या स्प्रिंगला देऊन टाकला. तिकडं ती धनुष्यच आहे. तुर्की भाषेत धनुर्धर म्हणजे केमानकेश, कमान खेचणारा. जुन्या मराठीत बंदुकीची शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे, आणि फारसीत शस्त म्हणजे अंगठा, शिवाय अंगठ्यातली धनुर्धराची अंगठीही. 'ठाण मांडणं' हेही इकडचंच. धनुर्विद्येत पाय रोवून उभं राहण्याच्या रीतींना स्थान म्हणतात, आलीढ, प्रत्यालीढ वगैरे. जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ दिसले तर खालच्या पट्ट्यातली लढाई न्याहाळा. एखादा धनुर्धर सापडला तर त्याचे पाय बघा, मग हे शब्द कोरडे वाटत नाहीत.

२. घराणी ओळखा

बांबूचं घराणं आपलं. भिल्ल-कातकऱ्यांचा तीरकमठा याच घरातला. एरियन या ग्रीक लेखकानं भारतीय पायदळाच्या धनुष्याबद्दल लिहून ठेवलंय की ते माणसाएवढं उंच असे, एक टोक जमिनीला टेकवून डाव्या पायाचा रेटा देऊन ओढत. बांबूच्या सालीकडचे तंतू ताण जबरदस्त सोसतात, म्हणून साल नेहमी पाठीला. आजच्या देशी स्पर्धांत इंडियन राउंड हा प्रकार आहे, तो बांबू-लाकडाच्या धनुष्यानं ५० आणि ३० मीटरवर खेळतात. शाळकरी मुलांची सुरुवात बहुधा इथूनच होते. भूतानात बांबूच्या दोन पट्ट्या मुठीत जोडून धनुष्य करतात आणि सुमारे १४० मीटरवरच्या लहानशा फळीवर मारतात. लागला की सगळा संघ गाणं म्हणत नाचतो.

शिंगाचं घराणं मध्य आशियातलं. मधे लाकूड किंवा बांबू, पोटाला शिंग, पाठीला जनावराचे स्नायू, आणि हे सगळं जनावराच्या किंवा माशाच्या सरसानं चिकटवलेलं. शिंग दाब सोसतं, स्नायू ताण सोसतात, म्हणून धनुष्य आखूड करता येतं आणि घोड्यावर बसून दोन्ही बाजूंना फिरवता येतं. तुर्की, मंगोल, मोगल, कोरियन ही सगळी याच घरातली भावंडं. मंगोलियात नादामच्या उत्सवात पुरुष ७५ मीटरवर आणि बायका ६५ मीटरवर मारतात. कोरियात निशाण १४५ मीटरवर असतं. क्रिकेटची सात पिचं एकापुढं एक मांडा, म्हणजे अंदाज येईल.

आता आपल्या हवेचा विचार करा. सरस ओल धरतो. कोरियात शिंगाची धनुष्यं ऊबदार कपाटात ठेवतात, तर जांबोटी-कणकुंबीच्या पावसात खऱ्या शिंगाच्या धनुष्याचं काय होईल? आपल्याकडं नंतरच्या काळात संपूर्ण पोलादी धनुष्यं घडवली गेली. ती शस्त्रागारात पडून राहिली तरी सरस सुटायची भीती नव्हती. लेथवर आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्याला ती धनुष्यं फार आवडतात, पण ती संग्रहालयातच बघायची. आज 'हॉर्सबो' म्हणून जे मिळतं ते आकारानं शिंगाच्या घराण्याचं आणि अंगानं फायबरग्लासचं असतं. त्याला पावसाचं भय फारसं नाही.

इंग्रजी लाँगबो एकाच लाकडाचा, यू नावाच्या झाडाचा. त्याच्या बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ताण सोसतो आणि आतल्या तांबूस लाकडाला दाब, म्हणजे शिंग-स्नायूची जोडी निसर्गानंच एका खोडात लावून दिलेली. १५४५ साली बुडालेलं मेरी रोझ हे जहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्याच्यावर शंभराहून अधिक धनुष्यं आणि साडेतीन हजारांच्या आसपास बाण मिळाले. त्यांतली बरीच धनुष्यं ओढायला १०० पौंडांहून जास्त ताकद लागत असावी असं मोजमापावरून निघतं. हा आकडा ऐकून कुणी ५० पौंडांचं धनुष्य घ्यायला निघत असेल तर थांबा, चौथी पायरी वाचा.

जपानी युमी सगळ्यांत निराळं. सुमारे २२१ सेंटिमीटर उंच, आणि मूठ मधोमध नाही, खालून तिसऱ्या हिश्शावर. २८ मीटरवर ३६ सेंटिमीटरचं निशाण. बाण जोडीनं येतात, एकाची पिसं एकीकडं वळलेली, दुसऱ्याची उलटीकडं. पहिला हाया, दुसरा ओतोया. उभं राहण्यापासून बाण सुटल्यावर स्तब्ध राहण्यापर्यंत आठ पायऱ्या ठरलेल्या. फार देखणा प्रकार, पण गुरूशिवाय याच्या वाटेला जाऊ नका. व्हिडिओ बघून क्यूदो, म्हणजे ही जपानी धनुर्विद्या, शिकलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

माझा सल्ला विचाराल तर: आपल्या हवेत, आपल्या खिशात आणि जवळच्या कोचच्या हाताखाली बसतं ते उंच बांबू-लाकडाचं धनुष्य. घोड्यावरच्या धनुष्याचाच नाद असेल तर फायबरग्लासचं घ्या, पण मग अंगठा शिका.

३. अंगठा की तीन बोटं

इथंच सगळे फसतात.

उंच धनुष्य तर्जनी, मध्यमा, अनामिका या तीन बोटांनी ओढतात. उजव्या हाताचा माणूस बाण धनुष्याच्या डाव्या बाजूला ठेवतो. बोटांत दोरी धरल्यावर ती किंचित पिळली जाते आणि तो पीळ बाणाला धनुष्याच्या अंगाशी दाबून धरतो.

शिंगाच्या घराण्यात आणि जपानात दोरी अंगठ्यानं ओढतात, तर्जनी अंगठ्यावर कडी घालते. तिथं पीळ उलटा पडतो, म्हणून बाण उजव्या बाजूला. मी तुर्की धनुष्य, अंगठ्याची अंगठी आणि बाण डावीकडं असा तिढा घातला होता. माझाच पीळ बाणाला ढकलून खाली पाडत होता आणि मी आठ महिने वाऱ्याला शिव्या देत होतो. साताऱ्याकडच्या एका कोचनी दहा सेकंद बघितलं, बाण उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला आणि चहा प्यायला गेले.

आखूड धनुष्य तीन बोटांनी ओढायचा प्रयत्नही करू नका. पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन एवढा अरुंद होतो की बोटं चिमटीत सापडतात.

अंगठीला तुर्कीत जिहगीर म्हणतात, शब्दशः दोरी पकडणारी. शाहजहानची जेडची अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. माझी ॲल्युमिनियमची, कारखान्यातल्या उरलेल्या बारमधून काढलेली. लेथवर भोक शंभर टक्के गोल पडतं आणि माणसाचा अंगठा गोल नसतो, हे मला अंगठा निळा पडल्यावर समजलं. अंगठी आडवी सरकवून पाव फेरा फिरवली की अडकली पाहिजे, म्हणून भोक लंबगोल हवं. अर्धगोल कानशीनं दोन बाजू घासा, आतली कड नखानं चाचपून बघा, कुठंही धार लागता कामा नये. शेवटी बारीक पॉलिश पेपर. दोन संध्याकाळी जातात.

एकलव्याची गोष्ट आता वेगळी वाटेल. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण मारत राहिला, पण पहिला वेग राहिला नाही, असं महाभारतात आहे. भिल्ल धनुर्धर अंगठा न लावता बोटांनी ओढतात ते त्याच्याच आठवणीसाठी, असं म्हणतात.

४. डोळा, ओढ आणि वजन

डोळा: दोन्ही तळहात पुढं करून मधे छोटं त्रिकोणी भोक ठेवा आणि त्यातून लांबची एक खूण बघा. येळ्ळूरकडं असाल तर राजहंसगडाचा बुरूज. आता एकेक डोळा मिटा. जो उघडा असताना बुरूज भोकात राहतो तो तुमचा मुख्य डोळा. उजवा असेल तर धनुष्य डाव्या हातात. लिहिता कुठल्या हातानं याच्याशी याचा संबंध नाही.

ओढ: भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा, बोटांच्या टोकांपर्यंत इंचांत मोजा, अडीचनं भागा. ६६ इंच आलं तर ओढ साडेसव्वीसच्या आसपास. हा हनुवटीपर्यंत ओढायचा हिशेब. अंगठ्याच्या घराण्यात कानापर्यंत किंवा त्याच्याही मागं ओढतात, पोथीतलं 'आकर्ण' ते हेच, त्यामुळं दोन-चार इंच जास्त धरा आणि बाणही तेवढा लांब घ्या. आखूड बाण जास्त ओढला तर टोक मुठीच्या आत येतं. सुटल्यावर तो तुमच्या हातातच घुसू शकतो.

वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारी ताकद: धनुष्यावर लिहिलेले पौंड २८ इंच ओढीचे असतात. ओढ एक इंचानं कमी झाली की हलक्या धनुष्याचे साधारण दोन पौंड उतरतात. मोठ्या माणसानं २० ते २५ पौंडांपासून सुरुवात करावी, मुलांनी त्याहून कमी. २५ पौंड म्हणजे सव्वाअकरा किलो, ऐकायला काहीच नाही. ते एका हातानं ताणून चार सेकंद हलू न देता धरा, दिवसातून साठ वेळा, मग बोला. लेबलावर विश्वास नसेल तर भंगारवाल्याकडं असतो तसला हुकाचा काटा दोरीला लावून ओढा. माझ्या पहिल्या धनुष्यावर ३० लिहिलेलं होतं, काट्यावर ३७ भरलं. खांद्याला सहा आठवडे शेक दिला.

५. सामान: काय विकत, काय इथलं

धनुष्य आणि दोरी विकत घ्या. बाकी बरंच आपल्या जिल्ह्यात होतं.

• मनगटापासून कोपरापर्यंतचा पट्टा आणि दोरी ओढताना बोटांवर घ्यायचा कातड्याचा तुकडा: अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला करणाऱ्या कारागिराकडं जा. २०१९ मध्ये या चपलांना भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. पट्ट्याला जाड कातडं चालतं. बोटांना मऊ आणि गुळगुळीत हवं, सोल कापून उरलेला तुकडा घेऊ नका.
• दोरी चढवायची दोरी: जाड सुतळीच्या दोन्ही टोकांना कातड्याच्या दोन टोप्या, त्यात धनुष्याची टोकं बसतात. पायानं दोरी दाबून मूठ वर उचलायची. मांडीत घालून वाकवू नका, पात पिळवटते.
• दोरीसाठी मेण, एक जादा दोरी, एक फूटपट्टी.
• निशाण: खाली सांगतो.

बांबूचं धनुष्य स्वतः करायची हौस बहुतेकांना येते. मलाही आली. खानापूरकडच्या एका म्हाताऱ्या बुरडाकडं आषाढात गेलो. त्यांनी कोयता खालीच ठेवला. "पावसातला कळक नगो. संक्रांत झाल्यावर ये. तीन वर्साचा देतो." पावसाळ्यातल्या बांबूत साखर-पिष्ट भरपूर असतं, भुंगेरे लागतात आणि पिवळी भुकटी गळायला लागते. कोवळा तर वाकतो तसाच राहतो. माघात गेलो तेव्हा त्यांनी एका कळकावर नख मारून आवाज ऐकवला, मग दुसऱ्यावर. एकाचा आवाज भरीव, दुसऱ्याचा पोकळ फुटका. मला फरक तिसऱ्या वेळी ऐकू आला.

भिंत जाड असलेला कळक उभा चिरून सावलीत निदान चार-पाच महिने वाळवा. मग फक्त पोटाकडून तासा. पाठीच्या सालीला हत्यार लावायचं नाही. गाठी उंच दिसतात म्हणून मी त्या सपाट केल्या आणि धनुष्य तिसऱ्या ओढीला बरोबर त्याच गाठीवर मोडलं. तासताना दर दहा मिनिटांनी भिंतीवरच्या खुंटीला मूठ टेकवून दोरी खाली ओढा आणि लांबून बघा. दोन्ही पाती सारख्या वाकल्या पाहिजेत. जी कमी वाकते तिच्यातून तासा. जी जास्त वाकते तिला हात लावू नका.

बाणाचं गणित थोडं वेगळं. सुटताना बाण सरळ जात नाही, माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालतो. म्हणून त्याचा ताठपणा धनुष्याच्या वजनाला जुळलेला हवा. क्लबात त्याला स्पाइन म्हणतात. दुकानदाराला आपली ओढ आणि काट्यावर भरलेलं वजन सांगा. फार हलका बाण धनुष्याला घातक, दर पौंडाला निदान ८ ते १० ग्रेन धरा. ३० पौंडांना ३०० ग्रेन, म्हणजे १९-२० ग्रॅम. घरात असला बारीक काटा नसतो, ओळखीच्या सराफाकडं जा. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा, त्यामुळं म्हाताऱ्या सराफाला हिशेब पटकन कळतो. माझे बाण "पावणेदोन तोळ्याला जरा कमी" भरले. पारंपरिक धनुष्याला पिसंच हवीत, प्लॅस्टिकची पिसं मुठीवर आपटून बाण उडवतात. तिन्ही पिसं एकाच पंखाची असावीत, आणि पुढच्या टोकाला दोरा गुंडाळून डिंक लावा. माझे ओरखडे तिथूनच येत होते.

६. जागा आणि कागद

गल्लीत नाही. गच्चीवर नाही. वीस पौंडांचं धनुष्यसुद्धा बाण शंभर मीटरच्या पलीकडं सहज फेकतं. मागं मातीचा उंच बांध असलेलं शेत शोधा आणि बांधाच्या पलीकडं पायवाट नाही ना, हे स्वतः चालून बघा. ऊसतोडीच्या दिवसांत रिकाम्या वाटणाऱ्या फडातून कोण कधी बाहेर येईल सांगता येत नाही.

जवळ ठेवायचे कागद:

• धनुष्याच्या बिलाची प्रत
• क्लबाचं ओळखपत्र किंवा कोचचं पत्र
• आधार, दोन फोटो. मुलांसाठी जन्मदाखला आणि पालकांचं संमतीपत्र
• शेत दुसऱ्याचं असेल तर मालकाची दोन ओळींची चिठ्ठी

सरकारी मैदानासाठी अर्ज करायचा तर तो कन्नडमध्ये लागतो. कन्नड लिहिणारा मित्र असला की काम एका खेपेत होतं.

सीमेवरच्या एका नाक्यावर मला बसमधून उतरवलं होतं. पहिल्या वेळी बिल घरी, ओळखपत्र नाही. तास गेला आणि बसही गेली. दुसऱ्या वेळी पोलिसानं बॅग बघून "इदु येनु?" विचारल्यावर मी "बिल्लु, सर, प्रॅक्टिस" म्हणालो आणि कागद पुढं केले. त्यानं मूठ हातात घेऊन बघितली, "गुरी एष्टु दूर?" विचारलं आणि तीस मीटर ऐकून हसून सोडलं. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास आणि निवडणुकीत मात्र धनुष्य घरीच राहू द्या. तेव्हा कागद कुणी वाचत नाही.

रुंद पात्याचे शिकारी फाळ विकत घेऊ नका. खानापूरच्या रानात भीमगड अभयारण्य आहे, आणि अभयारण्याबाहेरही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदीच. असले फाळ बॅगेत सापडले तर वरचे सगळे कागद निरुपयोगी.

७. पहिला महिना

निशाणाचा कागद आणू नका. जपानी लोक गवताची घट्ट बांधलेली मोळी, माकिवारा, धनुष्याच्या लांबीएवढ्या अंतरावरून मारतात. आपल्याकडं भाताचं पिंजर आहे, ते गोणपाटात ठासून भरा. निपाणी-चिकोडीकडं असाल तर उसाचा पाला. मी पहिली मोळी सैल बांधली आणि बाण पिसांसकट आरपार गेला. कोकणाकडं भाताची मुडी बांधतात तसं दोराला पीळ घालून आवळायला हवं, गुडघा टेकवून.

तीन पावलांवर उभे राहा. नेम नाही, आकडे नाहीत. पाय खांद्याएवढे, डावा खांदा खाली, दोरी रोज चेहऱ्याच्या एकाच जागी. रोज तीस बाण पुरे. हात थरथरायला लागला की त्या दिवसाचं संपलं.

रिकामी दोरी कधी सोडू नका. बाण नसला की सगळी ताकद पातींत परत जाते आणि धनुष्य तडकतं. तुम्ही नाही करणार, घरी आलेले पाहुणे करतील. भिंतीवर टांगलेलं धनुष्य दिसलं की प्रत्येक मेहुण्याच्या अंगात अर्जुन येतो. म्हणून दोरी उतरवूनच ठेवा, आणि ती दुसऱ्या खोलीत.

८. पावसाळा

जून ते सप्टेंबर बेळगावात कपडे वाळत नाहीत, बांबूचं काय घेऊन बसलात. दोरी उतरवलेलं धनुष्य आडवं, दोन खुंट्यांवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. कोपऱ्यात उभं केलं तर खालची पात वाकडी होते. चुलीवरच्या माळ्यावर नको, तिथं फार सुकतं. बांबू-लाकडाला महिन्यातून एकदा जवसाच्या तेलाचा हात. बाण टोक वर करून उभे ठेवले तर पिसं दबतात, म्हणून फाळ खाली.

आमच्या कारखान्यात खंडेनवमीला लेथची पूजा होते, मी धनुष्यही त्याच दिवशी खाली काढतो. हळदकुंकवाआधी एक काम. समईच्या वातीचा कापूस चिमटीत धरून पाठीवरून, मग पोटावरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. डोळ्यांना न दिसणारी केसाएवढी चीर कापसाला सापडते. कापसाचा एखादा धागा कुठं अडकून मागं राहिला, तर त्या जागी पेन्सिलीनं खूण करा, कोचला दाखवा, आणि तोवर त्या धनुष्याला दोरी चढवू नका.